करोडपतीचे प्रश्न: ‘पहिला’ हा शब्द आला की घात झालाच

पाटीपेन्सिल (धागाकर्ती)

मंडळी, थोडी मदत हवी आहे आणि थोडं मन मोकळं करायचं आहे.

आमच्या सोसायटीत गणपतीतली एक संध्याकाळ ‘करोडपती’ची असते. करोड कसले, पहिलं बक्षीस मिक्सर. सोसायटीच्या ऑफिसातली फिरती खुर्ची म्हणजे हॉट सीट, बझर म्हणून स्टीलची थाळी आणि उलथनं, कोणाच्या तरी मोबाइलवर ते काळजात धडधड करणारं संगीत. प्रश्न काढायचं काम माझ्याकडे, कारण मी तीस वर्षं शाळेत शिकवलं.

यंदा अंतिम फेरीत ए विंग विरुद्ध सी विंग. आरतीची वेळ होत आली होती, म्हणून शेवटच्या प्रश्नाला पर्याय दिलेच नाहीत. प्रश्न होता, ‘पहिला भारतीय चित्रपट कोणी काढला?’ सी विंगच्या काकांनी थाळी बडवली आणि खणखणीत आवाजात म्हणाले, ‘दादासाहेब!’ निवेदकाने ‘बरोब्बर’ म्हणून गुण देऊनही टाकले. तेवढ्यात ए विंगमधला नववीतला एक मुलगा उठला आणि विचारतो कसा, ‘काकू, कुठले दादासाहेब? फाळके की तोरणे?’

झालं. निरांजन पेटवून हातात धरलेल्या वहिनी तशाच उभ्या आणि इकडे वीस मिनिटं वाद. काका म्हणतात, दादासाहेब म्हणजे फाळकेच, शेंबडं पोरही सांगेल. मुलगा म्हणतो, मग आडनाव सांगा. त्यात काकांनी रागाच्या भरात ‘तोरणे कोण?’ असं विचारलं आणि ए विंगने जल्लोष केला.

मिक्सर सध्या ऑफिसच्या कपाटात कुलपात आहे. नवरात्रात फेरलढत. तर मला सांगा, चूक कोणाची? आणि टीव्हीवर इतकी वर्षं रोज डझनभर प्रश्न विचारतात, तिथे असा तमाशा कसा होत नाही?

टिकोजीराव

मिक्सरचं भांडं ए विंगला, मोटर सी विंगला. धागा संपला.

रीळबंद

चूक तुमची, काकू. रागावू नका.

रामचंद्र गोपाळ ऊर्फ दादासाहेब तोरणे यांचा ‘श्री पुंडलिक’ १८ मे १९१२ रोजी गिरगावातल्या कोरोनेशनमध्ये लागला. फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ त्याच कोरोनेशनमध्ये ३ मे १९१३ ला. म्हणजे नुसती तारीख धरली तर तोरणे जवळजवळ वर्षभर पुढे. पण ‘पुंडलिक’ हे रंगमंचावरच्या नाटकाचं चित्रीकरण होतं, कॅमेऱ्यामागे इंग्रज माणूस होता आणि रिळं धुवायला लंडनला गेली होती. फाळक्यांचं तसं नाही. ते स्वतः लंडनला जाऊन तंत्र शिकून आले, कॅमेरा घेऊन आले, आणि फिल्मला भोकं पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतची कामं घरात पत्नी सरस्वतीबाईंनी उपसली. म्हणून ‘पहिला पूर्ण लांबीचा भारतीय कथापट’ असं विचारलंत तर उत्तर एकच. ‘पहिला चित्रपट’ म्हटलंत तर थाळी दोन्हीकडून वाजणार.

खरं तर त्या सिनेमावरचा याहून झकास प्रश्न उपलब्ध आहे. तारामतीचं काम कोणी केलं? अण्णा साळुंके. हॉटेलात स्वयंपाक करणारा पुरुष! बाई कामाला मिळेना म्हणून फाळक्यांनी त्यालाच लुगडं नेसवलं. उत्तर माहीत नसलं तरी ऐकल्यावर माणूस घरी जाऊन चार जणांना सांगतो.

पाटीपेन्सिल

साळुंक्यांचा प्रश्न आत्ताच वहीत उतरवला. चूक माझी, मान्य. पण काकांना हे कोण सांगणार?

तिसरा_पर्याय

या धाग्यावर लिहायला खास लॉगिन केलं. मी काही वर्षं एका वाहिनीच्या प्रश्नमंजुषेसाठी प्रश्न लिहायचं काम केलंय. कार्यक्रमाचं नाव विचारू नका.

टीव्हीवर तमाशा होत नाही, कारण तो आधीच खोलीत होऊन गेलेला असतो. आमच्याकडे एकेका प्रश्नाचा कागद असायचा. प्रश्न, चार पर्याय, बरोबर उत्तर, त्याला एकमेकांवरून न उचललेले दोन आधार. आणि त्याखाली उरलेले तीन पर्याय का चूक आहेत याचं प्रत्येकी एक वाक्य. नवख्या लोकांना हे शेवटचं वाक्य फालतू वाटतं. पण खरे मुडदे तिथेच पडतात. बरोबर उत्तर बरोबर आहे हे सिद्ध करायला सगळेच धावतात. चुकीचं उत्तर नक्की चुकीचंच आहे ना, हे कोणी बघत नाही. तुमच्या दादासाहेबांचं तेच झालं.

चुकीच्या पर्यायांना आम्ही ‘चकवे’ म्हणायचो. एक चकवा काहीच माहीत नसलेल्यासाठी, एक अर्धवट माहिती असलेल्यासाठी आणि एक जास्त विचार करणाऱ्यासाठी. तिसरा लिहायला सगळ्यात अवघड. (माझं नाव त्यावरूनच.)

दुसरी गोष्ट म्हणजे चढण. पहिल्याच प्रश्नाला माणूस घरी पाठवायचा नसतो. तो खुर्चीत बसलाय, घशाला कोरड, समोर दिवे, मागे बायको नाहीतर वडील. त्याला आधी हसवायचं. ‘अतिशहाणा त्याचा ___ रिकामा’: खिसा, डबा, बैल, फ्लॅट. तो हसतो, ‘बैल’ म्हणतो, टाळ्या पडतात, आवाज मोकळा होतो. हे असे प्रश्न लिहायला क्षुल्लक वाटतात, पण एका बैलावर आमचा अर्धा तास गेलेला आहे.

तिसरी गोष्ट, शब्दांची काळी यादी. पहिला, सर्वात मोठा, एकमेव, सध्या, आजवर. यातला एकही शब्द प्रश्नात दिसला की आमच्या बाई लाल पेनने गोल करायच्या आणि बाजूला लिहायच्या, ‘कोण म्हणतं?’ ‘सध्या’ला तर तारीख जोडल्याशिवाय कागद पुढे सरकायचाच नाही, कारण चित्रीकरण आज आणि प्रक्षेपण कधी तरी पुढे.

दप्तराचं_ओझं

‘सध्या’बद्दल अगदी अगदी. लेकीच्या सामान्यज्ञानाच्या पुस्तकात महाराष्ट्रात ३५ जिल्हे आहेत. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा होऊन ३६ झाले, पण प्रकाशकापर्यंत बातमी पोचलेली नाही. त्याच पुस्तकात ग्रह नऊ. प्लूटोला २००६ मध्येच पंगतीतून उठवलंय. आणि राष्ट्रीय खेळ हॉकी! २०१२ मध्ये माहिती अधिकारात विचारल्यावर क्रीडा मंत्रालयानेच सांगितलं होतं की कुठलाही खेळ राष्ट्रीय म्हणून जाहीर केलेला नाही.

लेक म्हणते, ‘बाबा, पेपरात काय लिहू? खरं की पुस्तकातलं?’ मी म्हटलं, पुस्तकातलं. अजून टोचतंय ते.

ठाणे_लोकल

‘भारतातली पहिली रेल्वे’ हाही असाच सापळा आहे. सगळे म्हणणार १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे. पण माल वाहणारी रेल्वे त्याआधी मद्रासजवळ रेड हिल्सला १८३७ च्या सुमारास होती आणि रुरकीला कालव्याच्या कामावर १८५१ मध्ये. म्हणून ‘पहिली प्रवासी रेल्वे’ म्हणायचं.

आणि खरी गंमत पहिलेपणात नाहीच. त्या गाडीला तीन इंजिनं जोडली होती, साहिब, सिंध आणि सुलतान. चौदा डबे, चारशेच्या आसपास पाहुणे, एकवीस तोफांची सलामी, आणि गाडी सुटली दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी. ‘यातलं कोणतं इंजिन त्या गाडीला नव्हतं’ असा प्रश्न करून चौथं नाव घुसडा. चकव्याला ‘शहेनशाह’ ठेवा, हिंदी करोडपतीचा माणूस हमखास तिकडेच जाईल.

अजून एक. एका आंतरशालेय स्पर्धेत मी ‘पहिली गाडी व्हीटीवरून सुटली’ असं उत्तर बरोबर धरलेलं पाहिलंय. व्हीटीच्या इमारतीचं बांधकामच १८७८ मध्ये सुरू झालं. १८५३ ला तिथे व्हिक्टोरियाबाईंचा पत्ता नव्हता.

अर्धा_ग्लास

सगळ्यांच्या खिशात गूगल आहे. कुठलं इंजिन आणि कुठला साळुंके, पाठ करून करायचंय काय? सामान्यज्ञान म्हणजे हमाली.

टिकोजीराव

@अर्धा_ग्लास, तुम्ही सी विंगमध्ये राहता का?

अमरावतीकर_बापा

काहून हमाली म्हणता हो? आमच्या अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे २०१९ मध्ये एक कोटी जिंकल्या तवा आख्खा जिल्हा टीव्हीसमोर होता. शाळेत पोरायसाठी खिचडी शिजवत होत्या, महिन्याला पंधराशे रुपये. त्यायले कोटीचा प्रश्न कोणता आला म्हायती हाय? १८५७ च्या बंडावर ‘दास्तान-ए-गदर’ लिहिणारा, बहादूरशहा जफरच्या दरबारातला कवी कोण? उत्तर जहीर देहलवी. आता सांगा, गालिब आणि जौक सोडून तिसरं नाव तुमच्यापैकी कितीजणायले येतं? मी एमए झालो बापा, मले नव्हतं येत. माह्या मायनं त्या दिवशी शेजारच्या पोरीले नवीन वही घेऊन देल्ली.

काळा_कोट

प्रश्नाची कारागिरी बघायची असेल तर हर्षवर्धन नवाथेंचा २००० सालचा एक कोटीचा प्रश्न बघा. संसदेच्या कामकाजात भाग घेण्याची परवानगी राज्यघटना यांपैकी कोणाला देते? उत्तर ॲटर्नी जनरल, म्हणजे महान्यायवादी. अनुच्छेद ८८.

यातला प्रत्येक शब्द तोलून ठेवलाय. ‘भाग घेण्याची’ म्हटलंय, ‘मत देण्याची’ नाही, कारण मताचा अधिकार त्यांना नाही. ‘संसदेच्या’ म्हटलंय, ‘विधिमंडळाच्या’ नाही, कारण राज्यात तोच अधिकार अनुच्छेद १७७ ने महाधिवक्त्याला आहे. एक शब्द ढिला सोडला असता तर कोटीचा खटला उभा राहिला असता आणि आमच्यापैकी कोणीतरी तो आनंदाने लढवलाही असता.

मराठीत आणताना इथे घसरायची खात्री असते. महान्यायवादी केंद्राचा, महाधिवक्ता राज्याचा. वर्तमानपत्रंसुद्धा यात गल्लत करतात.

सांजवात

तो भाग आठवतोय! ३ जुलै २००० ला करोडपती सुरू झालं आणि आमच्या चाळीत रात्री नऊला नळाचं पाणी भरायला कोणी उठेना. एक रंगीत टीव्ही आणि खोलीत पंचवीस माणसं. बाबा प्रत्येक प्रश्नाला पर्याय यायच्या आधी उत्तर द्यायचे, आणि चुकलं की म्हणायचे, ‘प्रश्नच नीट विचारला नाही.’ नवाथे मुंबईचा मुलगा, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा, म्हणून तर आमच्याकडे पेढे वाटले. त्यानंतर दोन महिने मला घरात रोज संध्याकाळी घटना वाचायला लावली होती.

मराठी करोडपतीत सचिन खेडेकर बसले २०१३ ला, पुढे २०१९ ला नागराज मंजुळे आले. मला मराठीतला मंजुळेंचा मोकळेपणा आवडला. पण तिथेही जेव्हा प्रश्न हिंदीतून उचलून मराठीत टाकल्यासारखा वाटतो तेव्हा रसभंग होतो. आपल्याकडे प्रश्नांची काय वानवा आहे?

गोंयचो_पाव

वानवा नाहीच. हा घ्या एक, गूगल न करता सांगा. १६१६ मध्ये गोव्यात राशोलला (आम्ही रायतूर म्हणतो) फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘ख्रिस्तपुराण’ छापून निघालं. माणूस इंग्रज, भाषा मराठी, छंद ओवीचा. मराठीची थोरवी सांगणाऱ्या त्यातल्या ओव्या तुमच्यातल्या अनेकांनी शाळेत पाठ केल्या असतील. तर ते कोणत्या लिपीत छापलं होतं?

अ) मोडी ब) देवनागरी क) रोमन ड) कानडी

सांजवात

ब. मराठी आहे ना.

दप्तराचं_ओझं

मोडी. १६१६ म्हणजे मोडीचाच काळ. लॉक करा.

ठाणे_लोकल

गोव्यात कानडी लिपीत लिहायचे असं कुठेतरी वाचलंय. ड.

तिसरा_पर्याय

बघा, याला म्हणतात चकवा. मोडी अर्धवट माहितीवाल्याला, कानडी जास्त विचार करणाऱ्याला. तिघेही आपापल्या जागी बरोबर पडले.

गोंयचो_पाव

क. रोमन! छापखाना गोव्यात १५५६ मध्येच आला होता, भारतातला पह... (काळी यादी, सॉरी!) पण खिळे रोमन अक्षरांचे. म्हणून मराठी ओव्या रोमन अक्षरांत छापल्या. आज तुम्ही व्हॉट्सॲपवर ‘काय करतोयस’ जसं टाइप करता, ते आमच्याकडे चारशे वर्षांपूर्वी पुस्तकात होऊन गेलंय.

पाटीपेन्सिल

हा अंतिम फेरीला ठेवते. गोंयचो_पाव, तुम्हाला मिक्सरमधली पहिली चटणी.

न्यूजर्सीची_मावशी

इकडची एक गोष्ट सांगते. करोडपती ज्यावरून आलं त्या ब्रिटिश ‘मिलियनेअर’ कार्यक्रमाच्या अमेरिकेतल्या आवृत्तीत नोव्हेंबर १९९९ मध्ये जॉन कारपेंटर नावाचा माणूस पंधराव्या प्रश्नापर्यंत एकही लाइफलाइन न वापरता पोचला. तो कर खात्यात कामाला होता, हे विशेष. शेवटच्या प्रश्नाला म्हणाला, वडिलांना फोन लावा. सगळ्यांना वाटलं, आता अडला. तर फोनवर वडिलांना म्हणतो, मदत नकोय, मी दहा लाख डॉलर जिंकणार आहे एवढंच सांगायचं होतं. आणि उत्तर देऊन जिंकला. प्रश्न होता, कुठला राष्ट्राध्यक्ष एका विनोदी टीव्ही कार्यक्रमात झळकला होता, उत्तर निक्सन.

आमच्या महाराष्ट्र मंडळात याच धर्तीवर दिवाळीत खेळ घेतला, तर एका पठ्ठ्याने फोन अ फ्रेंडमध्ये खरंच पुण्याला वडिलांना फोन लावला. तिकडे पहाटेचे साडेचार. तीस सेकंद वडील फक्त ‘काय झालं? काय झालं?’ एवढंच म्हणत होते.

टिकोजीराव

🤣 वडिलांना माझा नमस्कार सांगा.

पाटीपेन्सिल

मंडळी, नवरात्रासाठी कच्ची यादी टाकते. भोकं पाडा.

भारताला पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक कोणी मिळवून दिलं? पहिली भारतीय महिला डॉक्टर कोण? मराठी भाषा दिन कधी असतो? सुशील कुमार यांनी २०११ मध्ये पाच कोटी जिंकले तेव्हाचा शेवटचा प्रश्न: निकोबार बेटं १८६८ मध्ये ब्रिटिशांना कोणी विकली? महाराष्ट्राचं राज्यफूल कोणतं?

काळा_कोट

काकू, दोन ‘पहिले’ परत आलेत.

तिसरा_पर्याय

सवय लवकर सुटत नाही. एकेक घेऊ.

ऑलिम्पिक. तुमच्या मनात खाशाबा जाधव आहेत, १९५२, हेलसिंकी, कुस्तीतलं कांस्य. पण १९०० च्या पॅरिसला नॉर्मन प्रिचर्डने दोन रौप्यपदकं घेतली आणि ती भारताच्या खात्यावर मांडली जातात. ‘स्वतंत्र भारताला’ एवढे दोन शब्द घाला की भांडण मिटलं. किंवा उलट बाजूने या. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या पैलवानानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला दुसरं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळायला किती वर्षं लागली? बहात्तर. २०२४ मध्ये पॅरिसला नेमबाज स्वप्नील कुसाळे. हा आकडा ऐकून सभागृह एक क्षण गप्प होतं. असा प्रश्न सोडू नका.

डॉक्टर. आनंदीबाई जोशी आणि कादंबिनी गांगुली, दोघींचं १८८६. आनंदीबाई पेनसिल्व्हेनियाला एमडी झाल्या, परत आल्या आणि वैद्यकी सुरू करण्याआधीच फेब्रुवारी १८८७ मध्ये गेल्या. कादंबिनी कलकत्त्यात शिकल्या आणि पुढे वर्षानुवर्षं रुग्ण तपासत राहिल्या. या दोघींना एका प्रश्नात झुंजवायचं पाप आपण कशाला करा? ‘आनंदीबाई कोणत्या देशात शिकल्या’ विचारा, संपलं.

भाषा दिन. २७ फेब्रुवारी हा मराठी भाषा गौरव दिन, कुसुमाग्रजांचा जन्मदिवस. १ मे हा मराठी राजभाषा दिन. पूर्ण नाव लिहिलं नाहीत तर परत आरती थांबेल.

रीळबंद

निकोबारचा ठेवा. डेन्मार्क. त्यांनी तरंगमबाडी आणि सेरामपूर १८४५ मध्येच विकलं होतं, निकोबार तेवढं उरलं होतं. पोर्तुगीज, डच, फ्रेंच सगळ्यांना पाठ असतात. डेन लोक भारतात होते हेच बहुतेकांच्या गावी नसतं.

दप्तराचं_ओझं

राज्यफूल ताम्हण. पण ‘जारूळ’ म्हटलं तरी बरोबर धरा, झाड एकच आहे. नाहीतर सी विंगचे काका फांदी घेऊन येतील.

अर्धा_ग्लास

बहात्तर वर्षं? खरंच?

तिसरा_पर्याय

@अर्धा_ग्लास, या, बसा. जागा आहे.

पाटीपेन्सिल

ताजी खबर. काल काका लिफ्टमध्ये भेटले. म्हणाले, ‘ते तोरणे आमच्या कोकणातलेच निघाले,’ आणि असे खूश की जणू त्यांनीच आधी सांगितलं होतं. मिक्सरचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही.

दुसरं म्हणजे सुधारलेली सगळी यादी मी त्या नववीतल्या मुलाकडे तपासायला दिली. (तो आता स्पर्धक नाही, परीक्षक. ए विंगची तक्रार आहेच.) आज कागद परत आला. ताम्हणापुढे कंसात ‘जारूळ पण’, निकोबारपुढे टिक, साळुंक्यांपुढे दोन टिका. लाल पेनचा गोल एकच, पहिल्याच प्रश्नाला, ‘अतिशहाणा त्याचा ___ रिकामा’. बाजूला बारीक अक्षरात लिहिलंय, ‘काकू, हा माझ्यावर आहे का?’